मुंबईत कराची कशी दिसली?

१९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबईतल्या टीव्ही प्रेक्षकांना उन्हाळ्यात कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येई. मुंबई केंद्राच्या चित्रात व्यत्यय येऊ लागे आणि गच्चीवरचा अँटेना थोडा फिरवला, की चक्क कराची केंद्राचे कार्यक्रम दिसत. काही वेळाने ते चित्र आपोआप विरून जाई. एखाद्या मुलाने ही गोष्ट वर्गात सांगितली, तर शिक्षकांची पंचाईतच! टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे पोचत नाहीत, असे आपण शिकवतो. कराची तर मुंबईपासून जवळजवळ ९०० किलोमीटर दूर. मग चुकले कोण, मुलगा की पुस्तक?

आधी पुस्तकातले गणित पाहू. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, की लहरी किती किलोमीटर जातील ते मिळते. मनोरा ३०० मीटर उंच असेल, तर सुमारे ७१ किलोमीटर. घरावरचा अँटेना १० मीटर उंच असेल, तर आणखी १३. एकूण ८४ किलोमीटर. आता गंमत अशी, की पृथ्वीभोवती हवाच नसती, तर ४.१ च्या जागी ३.६ घ्यावे लागले असते. म्हणजे नेहमीच्या दिवशीही लहरी अगदी सरळ जात नाहीत, किंचित खाली वाकतात.

हे का घडते? उंचीबरोबर हवा विरळ होते, तिच्यातली वाफही कमी होते. त्यामुळे हवेचा अपवर्तनांक दर किलोमीटरला साधारण ४० दशलक्षांशांनी घटतो. वरच्या थरात लहरीचा वेग किंचित जास्त, म्हणून लहर खाली झुकते. पृथ्वीच्या गोलाईइतके झुकण्यासाठी ही घट किती हवी? १ ला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३७० ने भागा. उत्तर येते ०.०००१५७, अर्थात १५७ दशलक्षांश. घट याहून जलद झाली, तर लहर पुन्हा समुद्राकडे वळते, पाण्यावरून परावर्तित होते, पुन्हा वळते. जणू एका अदृश्य नलिकेतून ती शेकडो किलोमीटर जाते.

अरबी समुद्रावर पावसाळ्यापूर्वी नेमकी हीच परिस्थिती निर्माण होते. समुद्रालगतची हवा थंड आणि दमट असते, तर वाळवंटी प्रदेशातून आलेली उष्ण, कोरडी हवा तिच्यावर पसरते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. वाफेचे रेणू रेडिओ लहरींचा अपवर्तनांक बराच वाढवतात. त्यामुळे दमट थर संपून कोरडा थर सुरू होतो तिथे अपवर्तनांक एकदम घसरतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील एका रडारवर सुमारे १७०० मैलांवरच्या अरबस्तानातील ठिकाणांचे प्रतिध्वनी उमटले होते, ते याच कारणाने. पावसाळा सुरू झाला, की जोरदार वारे हे थर ढवळून टाकतात आणि नलिका मोडते.

दूरचे चित्र दिसण्याचे आणखी एक कारण असू शकते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर आयनांबरात कधीकधी दाट आयनीभूत पट्टे तयार होतात. त्यांवरून परतलेल्या लहरी एका उडीत १००० ते २००० किलोमीटर जातात. तिथे समुद्राची गरज नसते.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. नलिकेमुळे जहाजाच्या रडारवर दूरचा किनारा जवळ असल्याचा भास होऊ शकतो, किंवा नलिकेबाहेरची वस्तू नजरेतून सुटू शकते.

दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. पण एफएम रेडिओ आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी मार्च ते मे या काळात रोज ठरावीक वेळी ऐकू येणारी केंद्रे, तापमान आणि वारा यांची नोंद ठेवावी. काहीच ऐकू आले नाही, तर तेही लिहावे. आणि एखाद्या मुलाने दूरचे केंद्र ऐकल्याचे सांगितले, तर त्याला खोटे न ठरवता आधी विचारावे, की त्या दिवशी हवा कशी होती?