काम तेच, समजूत वेगळी

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात उकवा इथे 'मॉयल' या सरकारी कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. अशा कष्टाच्या गावात दिवसभर राबून आलेला माणूस स्वतःशी काय बोलतो? 'जन्म मातीत गेला' की 'अंगात अजून ताकद आहे'?

हा फरक शब्दांपुरता नाही. मानसशास्त्रज्ञ अलिया क्रम आणि एलन लँगर यांनी अमेरिकेतल्या ७ हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या काही जणींना सांगितलं, तुमचं काम हाच चांगला व्यायाम आहे. चार आठवड्यांत त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरला.

घटनेपेक्षा तिच्याबद्दलची समजूत माणसाला जास्त छळते, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा १९५५ पासूनचा विचार. नापास झालेलं पोर 'मी कुचकामी' म्हणतं, तेव्हा एका पेपरचा निकाल ते अख्ख्या आयुष्याला लावतं. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव' या पुस्तकातून हा विचार मराठी घरांत पोचवला.

समजूत बदलून मजुरी वाढत नाही. ती मागावीच लागते. पण मागण्याआधी 'आपल्याला काय जमणार' हे वाक्य तपासून पाहा. ते कुणी शिकवलं? त्याला पुरावा काय?