म्हाताऱ्या मोटारीला नवे डोळे

आमच्या काकांची फियाट पन्नाशी ओलांडून गेली आहे आणि काका स्वतः ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईची नोकरी संपवून काका मालवणास परतले, ते याच गाडीतून. कागदोपत्री तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी'. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. १९७४च्या सुमारास तिला राणीचे नाव मिळाले खरे, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात निघून गेली. काकांची मात्र अजून चालते. वाडीत रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, तर ओरोसच्या इस्पितळाकडे निघणारी पहिली गाडी काकांचीच!

पण अलीकडे काका कुरकुरू लागले होते. "मला कमी दिसते की हिला, तेच कळत नाही," असे ते म्हणत. म्हणून गेल्या गणपतीला जाताना मी एक पराक्रम केला. मुंबईच्या बाजारातून परदेशी घडणीचे, झगझगीत एलईडी दिवे घेतले आणि काकांच्या गाडीला बसवून टाकले. गोल भोकात गोल दिवा चपखल बसला. बटण दाबताच समोरची माडांची बाग दुपारसारखी उजळली. काकू म्हणाल्या, "अगोबाई, नरकासुराचे डोळे जणू!"

काकूंचे शब्द त्याच रात्री खरे ठरायचे होते. कसालहून मालवणकडे येताना एका वळणावर समोरून स्कूटर आली. मी डिप्पर दिला होता, हे मी शपथेवर सांगतो. तरीही तो बिचारा डोळ्यांवर हात धरून थेट रस्त्याकडेच्या चरात गेला. नशिबाने गुडघ्याच्या खरचटण्यावरच निभावले. "दिवो आसा की सूर्य?" एवढेच तो म्हणाला. काका घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना बोलावले. त्यांनी गाडी चिऱ्याच्या भिंतीसमोर सपाट जागी उभी केली, पंचवीस फूट अंतर मोजले आणि दिव्यांच्या उंचीवर खडूने आडवी रेघ ओढली. तिन्हीसांजेला दिवे लावून डिप्पर दिला, तेव्हा गुपित उघडे पडले. प्रकाशाची वरची कड डावीकडे खाली होती आणि उजवीकडे रेघेच्या वर चढली होती.

"काकानू, तुमका रस्तो दिसात, पण समोरच्याक काय दिसात?" मेस्त्री म्हणाले.

वाचकहो, यातली मेख अशी. डिप्परचा झोत दोन्हीकडे सारखा नसतो. आपण डाव्या हाताने गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडच्या दिव्याचा झोत उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याकडे, खाली राहतो आणि कडेचा पादचारी दिसावा म्हणून डावीकडे किंचित उंचावतो. अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक देशांत वाहने उजवीकडून जातात, म्हणून तिथला झोत नेमका उलटा. मी आणलेले दिवे तिकडच्या रस्त्यांसाठी घडवलेले होते. ते माझ्या डोळ्यांना सुखावत होते आणि समोरच्याचे डोळे फोडत होते!

"मग जुन्याच दिव्यांत नुसता एलईडीचा बल्ब घालू," मी सुचवले. मेस्त्रींनी मान हलवली. दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे. मागची वाटी, पुढची काच आणि मधली तार या तिघांचा तो संसार आहे. काचेवरच्या रेघा ही नक्षी नसून प्रकाश कुठे पसरावा याची ती आखणी असते. तार ठरल्या जागेवरून जराशी सरकली की झोत विस्कटतो. तारेसाठी घडवलेल्या वाटीत दुसऱ्याच आकाराचा उजेड कोंबला, तर तो रस्त्याऐवजी आकाशात आणि लोकांच्या डोळ्यांत जातो.

मग काकांना दिसत का नव्हते? मेस्त्रींनी मीटर लावला. बॅटरीपाशी बारा व्होल्ट होते, पण दिव्यापर्यंत त्यातले जेमतेम साडेदहा पोचत होते. बाकीचे वाटेत गळत होते. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगचा सांधा गंजला होता आणि डॅशबोर्डच्या बटणातून येणारी बारीक वायर म्हातारी झाली होती. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. वाट्यांचा आरसाही काळवंडला होता. दोष काकांच्या नजरेचा नव्हता आणि फियाटच्या वयाचाही नव्हता!

मेस्त्रींनी सांधे घासले, जाड वायर ओढली आणि रिले बसवला, म्हणजे जुन्या बटणाने फक्त हुकूम द्यायचा आणि ओझे रिलेने वाहायचे. नव्या वाट्या आल्या, आपल्या डाव्या बाजूच्या रस्त्यासाठी आखलेल्या काचांच्या. त्यांत साठ-पंचावन्न वॅटचे साधे हॅलोजन बल्ब बसले. दोन फिलामेंटांचा हा एच-फोर बल्ब १९७१ साली निघाला, म्हणजे तो फियाटच्याच पिढीतला. शंभर वॅटचा मोह मेस्त्रींनी पुरा होऊ दिला नाही, कारण त्या ओझ्याने जुन्या वायरी तापून जळाल्या असत्या.

एलईडी वाईट, असे मात्र कुणी समजू नये. थोड्या विजेत पुष्कळ उजेड देणारी ती चीज आहे. घ्यायचीच, तर वाटी-काचेसह पुरा दिवा घ्यावा, तोही डाव्या बाजूच्या रस्त्यासाठी घडवलेला. कायद्याचेही भान ठेवावे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कंपनीच्या मूळ घडणीत मन मानेल तसे बदल करू देत नाही. शिवाय २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ रूपात राखलेली हवी. म्हणून जुने दिवे काढलेत, तरी कापडात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवावेत.

त्या रात्री काका स्वतः गाडी घेऊन निघाले. त्याच वळणावर समोरून एक मोटारसायकल आली. काकांनी डिप्पर दिला. तिच्या स्वारानेही दिला आणि जाता जाता हात वर केला.

घरी आल्यावर काका खुर्चीत टेकले. वृंदावनापाशी काकूंनी लावलेली पणती अजून जळत होती. काका म्हणाले, "झिला, उजेड वाढवून काय जाता? तो जाग्यार पडूक व्हयो."