जुना संगणक मोडीत काढण्याआधी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीच्या नियमित सुरक्षा सुधारणा थांबवल्या. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही आणि उद्याही पडणार नाही. मात्र त्या प्रणालीत नवं भगदाड सापडलं, तर ते बुजवायला कुणी येणार नाही. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून वर्षभराची मुदतवाढ घेता येते, तीही 13 ऑक्टोबर 2026 ला संपते. विंडोज 11 वर जावं, तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न नेमका बोचतो. तांदळाच्या गिरणीत, झेरॉक्सच्या दुकानात, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे तो संगणक बहुधा जुन्या पिढीचा, पण धडधाकट. कंपनीने पाठ फिरवली म्हणून तो भंगारात घालायचा की कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून चोरीची प्रत बसवून घ्यायची, असे दोनच पर्याय सहसा समोर ठेवले जातात. तिसरा पर्याय मुक्त स्रोत प्रणालीचा, म्हणजे लिनक्सचा. त्याच्याबद्दल ‘फुकट आहे’ एवढंच सांगितलं जातं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही प्रणाली न बसवताच आपल्या यंत्रावर चालवून बघता येते. निवडही ऐकीव मतांवर न करता त्या चाचणीवर करावी.

लिनक्सची सुरुवात 1991 ची. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेल्या गाभ्याभोवती जगभरच्या लोकांनी बाकीची प्रणाली उभी केली. त्या गाभ्यावरून शेकडो वाण निघाले, आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. त्याने शेकडो नावं पाहायची गरज नाही. विंडोजची सवय असलेल्यासाठी लिनक्स मिंट पुरेसं आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स आधीच बसवलेले. 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागेवरही ते चालतं, पण 4 जीबीच्या खाली हात आखडतोच. जुन्या यंत्रावर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, बऱ्यापैकी यंत्रावर सिनॅमन. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. आपल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ हे लिनक्स का नको, असं कुणी विचारेल. देशी प्रयत्न म्हणून त्याचं मोल आहे, पण अडलं की उत्तर किती लवकर सापडतं यावर नवख्याचं सगळं अवलंबून असतं. मिंट उबुंटूच्या पायावर उभं असल्याने उबुंटूवाल्यांनी सोडवलेल्या बहुतेक अडचणींची उत्तरं इथेही लागू पडतात. अभिमानापेक्षा मी या सोयीला जास्त गुण देईन.

चाचणीची रीत सोपी आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे 3 जीबीची आयएसओ फाइल उतरवायची आणि रूफस किंवा बलेना एचर वापरून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहायची. त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवावं. फाइल उतरल्यावर तिची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, जुळवून बघण्याचा कंटाळा करू नये. फेब्रुवारी 2016 मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी लोकांना दूषित फाइलकडे वळवलं होतं. मग संगणक सुरू करताना एफ12, एफ9 किंवा एस्केप (कळ कंपनीप्रमाणे बदलते) दाबून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच उघडतं. आपण स्वतः हात लावला नाही, तर हार्ड डिस्क आहे तशी राहते. या अवस्थेत वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, छपाई होतेय का, पडदा नीट दिसतोय का, हे अर्ध्या-पाऊण तासात कळतं. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं. तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप धंद्याचा आहे आणि तो खराच आहे. गिरणीचा हिशेब टॅलीत असेल, तर तो संगणक विंडोजवरच राहू द्यावा; विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनसारख्या जुळवाजुळवीच्या साधनावर गल्ल्याचा व्यवहार सोपवणं शहाणपणाचं नाही. सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, फ्लेक्सवाल्याचं कोरलड्रॉ यांचंही तसंच. गावोगावच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 प्रिंटर लिनक्सवर चालवताना चांगलाच घाम काढतो, तर एचपीचे बरेचसे प्रिंटर मुकाट चालतात. जुन्या श्री-लिपी फाँटमधली कागदपत्रं अडतात, युनिकोडमधली अडत नाहीत. म्युनिक महापालिकेने 2003 नंतर हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये परतीचा ठराव केला, हे उदाहरण विरोधक आवर्जून देतात. त्याच्या समोर केरळ ठेवावं लागतं. तिथल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवला जातो. म्युनिकमध्ये राजकारणही होतं, पण कचेरीतली विंडोजला जखडलेली कामं ही खरी अडचण होती; शाळेत तसं ओझं नव्हतं. म्हणजे प्रश्न प्रणालीच्या बऱ्यावाईटाचा कमी आणि संगणकाला काय जोडलंय व त्यावर कुठलं काम होतं, याचा जास्त आहे. वाचन, लेखन, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ, ईमेल एवढंच काम असेल, तर अडायचं कारण दिसत नाही.

शिकवणार कोण, हा दुसरा आक्षेप. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत, तेही विनामूल्य. पडद्यावरचं सगळं मराठीत करता येतं, पण अनुवाद अर्धवट असल्याने मी मेनू इंग्रजीच ठेवायला सांगेन आणि मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलक जोडायला. तो मांडणीच्या यादीत मिळतो.

बसवणं त्या मानाने किरकोळ आहे. धोका असतो तो घाईत. फोटो, दाखले, निकालपत्रं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल, तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची चावी लिहून ठेवा. ‘पूर्ण डिस्क पुसा’ आणि ‘शेजारी बसवा’ हे पर्याय एकाच पडद्यावर येतात, ते दोनदा वाचा. इगतपुरी तालुक्यातला पाऊस आणि त्याबरोबर जाणारी वीज लक्षात घेता, यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ऐन आषाढात हे काम काढू नका. डिस्कची विभागणी चालू असताना वीज गेली तर त्यातलं सारं हातचं जाऊ शकतं. बसवून झालं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखादी सुधारणा बिघडली तरी प्रणाली कालच्या स्थितीला परत नेता येते. तेव्हा गल्ल्यावरच्या संगणकाला हात लावू नका. मुलांच्या अभ्यासाच्या जुन्या यंत्रापासून सुरुवात करा, आणि महिनाभर विंडोज शेजारी राहू द्या.