डिस्चार्ज कार्डवरच्या शब्दांची फोड

डिस्चार्ज कार्डवर ‘हायपोग्लायसेमिया’ असा शब्द दिसला की घरच्यांच्या छातीत धस्स होतं. शब्द लांबलचक खरा, पण फोड केली तर सरळ आहे. ‘हायपो’ म्हणजे खाली. ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड. ग्लुकोज हाही त्याच कुळातला शब्द. ‘हाइमा’ म्हणजे रक्त, आणि शेवटचा ‘इया’ स्थिती दाखवतो. सगळे तुकडे ग्रीक. अर्थ इतकाच, की रक्तातली साखर उतरली आहे. ‘हायपो’च्या जागी ‘हायपर’ म्हणजे ‘वर’ आला, की साखर चढली.

वैद्यकात ग्रीक शिरली ती प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस आणि गॅलेन यांच्या ग्रंथांमुळे. पुढे युरोपातल्या विद्वानांनी शतकानुशतके लॅटिनमध्ये लिहिलं. त्यामुळे एकाच अवयवाला दोन नावं चिकटली. मूत्रपिंड लॅटिनमध्ये ‘रेन’, ग्रीकमध्ये ‘नेफ्रोस’; म्हणून तिथली धमनी ‘रीनल’, पण तिथला दाह ‘नेफ्रायटिस’. हा ‘आयटिस’ मुळात नुसता ‘संबंधी’ अशा अर्थाचा प्रत्यय. ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे सांध्यांसंबंधीचा आजार. कालांतराने त्याला ‘दाह’ हा अर्थ चिकटला. 1886 मध्ये बोस्टनचे डॉक्टर रेजिनल्ड फिट्झ यांनी लॅटिन ‘अपेंडिक्स’ला हाच ग्रीक प्रत्यय लावून ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केलं.

हे तुकडे आपल्याला परके नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं. उपसर्ग त्याची साक्ष देतात. ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही भावंडं. हृदयाभोवतीचं आवरण ‘पेरिकार्डियम’. त्यातला ‘पेरि’ म्हणजे ‘परिसर’मधला ‘परि’. ‘डिसेंट्री’तला ‘डिस’ म्हणजे ‘दुर्दशे’तला ‘दुर्’. नकाराचा नियमही तोच: व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’. आपल्याकडे अज्ञान आणि अनादर; ग्रीकमध्ये पोषणाचा अभाव ‘अॅट्रोफी’, संवेदनेचा अभाव ‘अॅनेस्थेशिया’.

उपसर्ग-प्रत्ययांचा धडा मराठीच्या तासाला शिकवला जातो. शिक्षकांनी तो विज्ञानाच्या तासालाही काढावा. मराठी माध्यमातल्या मुलाला हे शब्द मग घोकावे लागणार नाहीत, ते फोडून समजतील.