दोनशे ठिपक्यांचं हरीण

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात नोव्हेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. हरणाच्या शिकारीचा परवाना घेतलेल्या माणसाला तिथला कायदा त्यानंतर अर्धा तास देतो, आणि सकाळी सूर्योदयाआधीचा अर्धा तास. पांढऱ्या शेपटीची हरणं झाडीतून बाहेर पडतात ती बहुतेक याच दोन वेळांना. दिवसभर मचाणावर थंडीत कुडकुडणाऱ्या धनुर्धाऱ्याच्या कामाचा वेळ काय तो एवढाच.

या अर्ध्या तासात उजेड किती उतरतो ते डोळा सांगत नाही. भर दुपारी उघड्या माळावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा तो ४०० लक्सवर आलेला असतो. पुढे सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की उरतात ३.४ लक्स. मिझुरीच्या अक्षांशावर एवढं व्हायला साधारण अर्धाच तास लागतो. म्हणजे कायद्याच्या त्या तीस मिनिटांत उजेड ११८ पट कमी होतो. दर साडेचार मिनिटांना निम्मा! खोलीतले निम्मे दिवे कोणी पटकन बंद केले तर आपण दचकून वर बघू. इथे तेच लागोपाठ सातदा घडतं आणि मचाणावरच्या माणसाला वाटतं, जरा सांजावलंय. त्यातून हरीण दाट सीडरच्या सावलीत उभं असलं तर त्याच्या अंगावर ०.२ लक्स पडतात, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतके. दुपारच्या उन्हाचा पाच लाखावा हिस्सा.

अशा वेळी धनुष्यावर नेम धरायला कुठली साइट लावावी, हा तिथल्या दुकानांतला कायमचा वादाचा विषय. पन्नास डॉलरपासून चारशेच्या पुढपर्यंत किमती जातात आणि प्रत्येक डब्यावर एकच बढाई असते: आमची पिन सर्वांत उजळ. माझं म्हणणं असं की आकडेमोड केली तर अंधारात पिनची अडचण क्वचितच असते. अडचण हरणाची असते.

ज्यांनी हे धनुष्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे आपलं पुराणातलं धनुष्य नव्हे. मिझुरीच्याच होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्पीसारखी चाकं लावली आणि १९६९मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ते हे कंपाउंड बो. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे हातावरचा जोर एकदम हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच प्रकारच्या धनुष्यावर. पण त्यांचं लक्ष्य ५० मीटरवर लख्ख उजेडात असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. शिकार हा निराळा मामला, आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर तो गुन्हाच. अमेरिकेत मात्र धनुष्याच्या विक्रीवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो.

शिकारीच्या धनुष्यावर नेम धरायच्या दोन गोष्टी असतात. दोरीत गुंफलेलं बारीक कडं म्हणजे पीप. ते डोळ्यासमोर येतं. आणि पुढे, हाताच्या अंतरावर, साइट: एका गोल चौकटीत एकाखाली एक पिना, प्रत्येक पिन ठरावीक अंतरासाठी, प्रत्येकीच्या टोकाला चमकता ठिपका. हा ठिपका कुठल्याही सेलवर चालत नाही. त्यात रंगीत प्लॅस्टिकचा तंतू असतो. बाजूंनी आत शिरलेला उजेड तंतूतला रंग शोषतो आणि वेगळ्या रंगात पुन्हा बाहेर टाकतो. त्यातला काही भाग तंतूच्या भिंतींवर आपटत टोकापर्यंत जातो.

किती? पॉलिस्टायरीनचा गाभा आणि वर अ‍ॅक्रिलिकचं आवरण असेल तर एका टोकाकडे जेमतेम ३.१ टक्के. बाकीचा भिंतीतून निसटतो किंवा दुसऱ्या टोकाकडे जातो. ऐकून वाटतं, हा तर तोट्याचा धंदा. पण ०.०१९ इंच, म्हणजे ०.४८ मिलिमीटर जाडीचा तंतू ३० सेंटिमीटर लांब घेतला, तर त्याची उजेड झेलणारी बाजू टोकाच्या ७९० पट मोठी भरते. ७९०चे ३.१ टक्के म्हणजे चोवीसएक. रंगातून न शोषता निघून गेलेलं आणि वाटेत मुरलेलं वजा जाता दहा पट धरू. बाहेर जेवढा उजेड आहे त्याच्या दहा पट दाट उजेड त्या टोकातून बाहेर पडतो, कुठलीही वीज न लागता. मूलकणांचा माग काढणारे भौतिकशास्त्रज्ञ आपल्या यंत्रांत असेच तंतू वापरतात.

कातरवेळेचा रंगही तंतूच्या बाजूचा आहे. सूर्य बुडाल्यावर माथ्यावरचं आकाश गडद निळं दिसतं ते मुख्यतः ओझोनमुळे. क्षितिजाखालून तिरपा येणारा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करतो आणि त्यातला पिवळा-नारिंगी भाग गळतो. १९५३मध्ये एडवर्ड हलबर्ट यांनी हे दाखवून दिलं. उरलेला निळा उजेड तंतूतल्या रंगाला नेमका मानवतो.

आता हरणाकडे वळू. ते उजेडाचा सुमारे पाचवा हिस्सा परत फेकतं असं धरू, आणि तोही सगळ्या दिशांना. पिन मात्र दहा पट. दोन्हींचा भागाकार केला तर पिन हरणाच्या ५० पट उजळ निघते. गंमत अशी की हा पन्नासचा आकडा अंधार पडला तरी बदलत नाही. उजेड निम्मा झाला की हरीण निम्मं आणि पिनही निम्मी. साधा तंतू परिसराबरोबर मावळत जातो आणि हाच त्याचा मोठा गुण.

हरणाच्या छातीतला जो भाग शिकाऱ्याला गाठायचा असतो तो साधारण २० सेंटिमीटरच्या वर्तुळाचा. ४० यार्डांवरून, म्हणजे ३६.६ मीटरवरून, त्या वर्तुळातून डोळ्यात किती प्रकाशकण येतात? हिरव्या प्रकाशाच्या एका लक्समध्ये प्रत्येक चौरस मीटरवर दर सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतके फोटॉन पडतात. दुपारच्या उन्हात, बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावलेली असताना, त्या वर्तुळातून सेकंदाला सुमारे १९० कोटी फोटॉन डोळ्यात जातात. सीडरखालच्या ०.२ लक्समध्ये, बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत फाकलेली असूनही, सत्तेचाळीस हजार. आणि हे सत्तेचाळीस हजारही पुरते पोचत नाहीत, कारण मध्ये पीप आहे.

पीपचं नेहमीचं भोक ३/१६ इंचाचं, म्हणजे ४.८ मिलिमीटर. बाहुली ७ची आणि दार ४.८चं! क्षेत्रफळाच्या हिशेबात ५४ टक्के उजेड दारातच अडतो. १/८ इंचाचं भोक असेल तर ८० टक्के अडतो. नेम उन्हात फार रेखीव बसतो म्हणून पुष्कळ जण ते लावतात आणि संध्याकाळी साइटला शिव्या देतात. १/४ इंचाचं असेल तर जेमतेम १८ टक्के अडतो. चारशे डॉलरची साइट बसवून पीप तोच जुना ठेवणं मला तरी कळत नाही. पीप हा या सगळ्या संसारातला सर्वांत स्वस्त भाग.

३/१६च्या पीपमधून सेकंदाला बावीसेक हजार फोटॉन येतात. अंधारात डोळा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात गोळा झालेल्या प्रकाशाचं एक चित्र करतो, आणि डोळ्यावर आलेल्यांपैकी दहाएक टक्केच कण दृष्टिपटलावर खरोखर नोंदले जातात. म्हणजे दोनशेच्या आसपास. ज्या छातीवर बाण सोडायचा, ती त्या क्षणी मेंदूसाठी दोनशे ठिपक्यांची आहे. दुपारी, पीप असला तरी, हाच हिशेब जवळजवळ दोन कोटींवर जातो. दोनशे ठिपक्यांत खांदा कुठे संपतो, बरगड्या कुठे सुरू होतात आणि मध्ये आलेली काटकी कुठली, हे ओळखायचं.

तरी डोळ्याला नावं ठेवायची सोय नाही. १९४२मध्ये कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवलं की दृष्टिपटलाने ५ ते १४ फोटॉन शोषले तरी माणसाला प्रकाश जाणवतो. ही करामत दंडपेशींची. त्या डोळ्यात सुमारे ९ कोटी. रंग आणि बारकावे बघणाऱ्या शंकुपेशी अवघ्या ४६ लाख. पण दृष्टीच्या ऐन मध्यभागी, सव्वा अंशाच्या वर्तुळात, दंडपेशी मुळी नाहीतच. ४० यार्डांवर सव्वा अंश म्हणजे ८० सेंटिमीटर. पुरता अंधार पडल्यावर ज्या जागी टक लावावी तीच नाहीशी होते आणि हरणाचं अख्खं धड त्या खड्ड्यात मावतं. हरणाची गोष्ट वेगळी. त्याच्या डोळ्यामागे आरसा असतो. पहिल्या फेरीत निसटलेला प्रकाश तो पुन्हा पेशींवर परतवतो. या खेळात जास्त स्पष्ट कोणाला दिसतं हे सांगायला नको.

आता सेलच्या दिव्याकडे येतो, कारण दुकानात सर्वांत जास्त आग्रह त्याचाच होतो. साइटला चिमुकला निळा-जांभळा एलईडी लावला की तंतू झगझगतो. हा दिवा बाहेरच्या उजेडाबरोबर उतरत नाही. हरीण दर साडेचार मिनिटांना निम्मं होतंय आणि पिन जागच्या जागी, म्हणून पन्नासाचं प्रमाण शंभर, दोनशे, चारशे असं चढत जातं. पिन फुगल्यासारखी दिसते, तिच्याभोवती प्रभा येते आणि ते दोनशे ठिपके तिच्याआड जातात. ट्रिटियमच्या पिनांना सेल लागत नाही. त्यातला किरणोत्सारी वायूच पिन चमकवतो. एक मिलिक्युरी ट्रिटियममध्ये सेकंदाला ३ कोटी ७० लाख अणू फुटतात, आणि १२.३ वर्षांनी पिनची चमक निम्मी होते. म्हणजे जुनी पिन नवीपेक्षा कातरवेळेला बरी ठरू शकते, हे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं.

दिव्याला एकच ठिकाण खरं: जमिनीवर लावलेला कापडी आडोसा. आत काळोख, बाहेर अजून उजेड. तंतूला झेलायला काही नाही, पन्नासाचं प्रमाण उलटतं आणि उजळलेल्या हरणावर काळी पिन धरायची वेळ येते. तिथे कमी-जास्त करता येणारा एलईडी हवाच, आणि तो अगदी मंद ठेवता आला पाहिजे. काही राज्यांत धनुष्याला विजेचं उपकरण लावायलाच बंदी आहे, तेव्हा नियमपुस्तक आधी, साइट नंतर.

रंगाचं गणित चकवणारं आहे. ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश दंडपेशींना ६२० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा ११० पट जास्त जाणवतो. शंकुपेशींना हा फरक जेमतेम सव्वादोन पट. म्हणून हिरवी पिन अंधारात जोरदार दिसते. पण पिन आपण दृष्टीच्या मध्यभागी धरतो, जिथे शंकूंचंच राज्य, आणि लाल पिन दंडपेशींना दिपवत नाही. ज्याला लाल रंग नीट दिसतो त्याने लाल वापरून बघायला हरकत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर शंभरात आठांना लाल-हिरव्याचा घोळ असतो. म्हणून दुकानदार सरसकट हिरवी पिन हातात देतो ते बरोबरच करतो.

जाडीचं थोडक्यात. ०.०२९ इंचाची पिन ४० यार्डांवर ३.४ सेंटिमीटर झाकते, ०.०१९ची २.२, ०.०१०ची १.२. बारीक पिनच्या टोकाचं क्षेत्रफळ जाड पिनच्या जवळजवळ साडेआठ पट कमी. मधली घ्यावी. २० सेंटिमीटरच्या वर्तुळात २.२ चा ठिपका कोणाला जड होत नाही. एका चौकटीत पाच पिना असण्यापेक्षा एक किंवा तीन असाव्यात, कारण प्रत्येक चमकता ठिपका त्या दोनशे ठिपक्यांशी भांडतो.

साइट कितीही चांगली असो, ती अंतर सांगत नाही. सेकंदाला ८७ मीटरने निघालेला बाण ४० यार्ड जायला ०.४२ सेकंद घेतो आणि तेवढ्यात ८७ सेंटिमीटर खाली येतो. दोरीचा आवाज त्याच्या आधी, ०.११ सेकंदातच, हरणाच्या कानी पडतो. अंधुक उजेडात सगळंच जवळ किंवा दूर वाटतं. ४० यार्डांना ३५ समजून नेम धरला तर बाण ११ सेंटिमीटर खाली लागतो, म्हणजे त्या वर्तुळाच्या बाहेर: जखमी हरीण आणि रात्रभरचा शोध. शरयूच्या काठी अंधारात आवाजावर बाण सोडणाऱ्या दशरथाला हत्ती वाटला होता आणि बाण लागला श्रावणाला. अर्ध्या तासाची कायद्याची रेघ याच भीतीपोटी आहे. तिच्यापलीकडे कुठलीही पिन चमकली तरी समोर काय आहे ते ओळखता येत नाही.

उजेड वाढवायचा एक उपाय कुठल्याच दुकानात मिळत नाही: मचाण पायवाटेच्या जवळ बांधणं. अंतर ४० यार्डांचं २० केलं की त्याच छातीतून डोळ्यात चौपट फोटॉन येतात, दोनशे ठिपक्यांचे आठशे होतात. बाणाचा वेळ निम्मा होतो, घसरण ८७ सेंटिमीटरवरून २२वर येते, आणि अंतराचा अंदाज तेवढ्याच पाच यार्डांनी चुकला तरी बाण ११ऐवजी ५ सेंटिमीटर खाली लागतो.