वर्गातून निघालेलं वर्तमानपत्र

पत्रकारिता शिकवणाऱ्याचं मोठेपण सहसा त्याच्या हाताखालून गेलेल्या नामवंत संपादकांवरून ठरवतात. मला ते पटत नाही. विद्यार्थ्यांनी लिहिलेलं कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या माणसाच्या उपयोगी पडलं का, एवढंच मी पाहतो. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोतले पत्रकारितेचे शिक्षक हुआन गोन्झालेस यांचा मी जुना चाहता आहे. (न्यूयॉर्कचे याच नावाचे प्रसिद्ध पत्रकार वेगळे.)

ते ज्या कम्युनिटी कॉलेजात शिकवत आले, त्या प्रकाराची ओळख थोडक्यात करून देतो. दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज, कमी फी, सर्वांना खुला प्रवेश. पहिलं १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. विशीतल्या मुलांशेजारी नोकरी सांभाळून आलेली चाळिशीतली माणसंही बसतात. आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो.

१९६८-६९मध्ये आजच्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांचा संप जवळजवळ पाच महिने चालला. आमच्या समाजांचा इतिहास आणि आमचं जगणं अभ्यासक्रमात आणा, ही त्यातली मुख्य मागणी. त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तिथे तरुण गोन्झालेस लॅटिनो विद्यार्थ्यांना पत्रकारिता शिकवू लागले आणि वर्गाचा प्रकल्प म्हणून त्यांनी थेट वर्तमानपत्रच काढलं. २४ ऑगस्ट १९७० रोजी ‘एल तेकोलोते’चा, म्हणजे ‘घुबडा’चा, पहिला अंक निघाला. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, आणि तोही फुकट.

लवकरच हे पत्र विद्यापीठ सोडून मिशन या लॅटिनो वस्तीत आलं. मला इथेच गोन्झालेस यांची शिकवण्याची रीत दिसते. केवळ सरावाचा मजकूर लिहून गुण मिळवणाऱ्या वर्गात नाव चुकलं, तर लाल शाईची एक रेघ ओढली जाते. वस्तीच्या पत्रात नाव चुकलं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. स्पॅनिश बोलणारे टेलिफोन ऑपरेटर हवेत, रुग्णालयात रुग्णाची भाषा समजणारं कुणीतरी हवं, असे विषय या पत्रानं लावून धरले. बातमी कशाला म्हणायचं, हे यापेक्षा चांगलं कोणतं पाठ्यपुस्तक शिकवेल?

पुढे गोन्झालेस सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को या कम्युनिटी कॉलेजात आले आणि पत्रकारिता विभागाचे प्रमुख झाले. १९३५पासून निघणारं ‘द गार्ड्समन’ हे तिथलं विद्यार्थ्यांचं पत्र. २०१३ साली मान्यता देणाऱ्या आयोगानं या कॉलेजची मान्यता काढून घेण्याचं ठरवलं; ती पुन्हा पक्की व्हायला २०१७ उजाडलं. आपलंच कॉलेज बंद पडेल की काय, ही बातमी विद्यार्थ्यांनाच करायची होती. याहून अवघड बीट कुठल्या नवख्या वार्ताहराला मिळतं!

अशा वेळी शिक्षकाची नोकरी टांगणीला लागू शकते. व्यवस्थापनाला विद्यार्थ्यांची बातमी झोंबते आणि राग सल्लागार शिक्षकावर निघतो. कॅलिफोर्नियानं २००८मध्ये यासाठी कायदा केला: विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीची पाठराखण केली म्हणून शिक्षकाला काढता किंवा त्याची बदली करता येत नाही. हा कायदा मला फार मोलाचा वाटतो.

या कॉलेजची आणखी एक दौलत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरानं १९४० साली इथल्या जागतिक प्रदर्शनात प्रेक्षकांसमोर रंगवलेलं ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे दहा भागांचं प्रचंड भित्तिचित्र या कॉलेजच्या मालकीचं आहे. २०२१पासून काही काळ ते शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयात होतं; मी तिथे ते डोळे भरून पाहिलं. पाहताना आठवण झाली वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीतले हे क्रांतिकारक मेक्सिकोत कृषितज्ज्ञ झाले आणि रिवेरानं त्यांना तिथल्या एका भित्तिचित्रात रंगवलं. ‘गदर’ हे पत्रही १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोतच सुरू झालेलं. परक्या देशात आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत पत्र काढायची या शहराची परंपरा अशी जुनी आहे.

आपल्याकडच्या पत्रकारिता विभागांतही प्रायोगिक अंक निघतात. मुलं जीव ओतून ते करतात. ते अंक विभागाच्या कपाटात न ठेवता शेजारच्या वस्तीत, मंडईत, एसटी स्टँडवर वाटावेत आणि त्यात त्याच वस्तीच्या पाण्याच्या, दवाखान्याच्या बातम्या असाव्यात. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. अंकाखाली आपलं नाव छापून लोकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तयार असलेला शिक्षक मात्र लागतो.