चालू शाळेत नवी खोली

शाळेला नवी खोली हवी आहे, पण शाळा बंद ठेवता येत नाही. अशा वेळी काय करतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पटांगणाचा एक कोपरा पत्रे लावून अडवतात. आत ठोकाठोक चालू राहते आणि बाहेर तास चालू राहतात. खोली दुसऱ्या गावी पूर्ण बांधायची आणि मग उचलून आणून शाळेला चिकटवायची, असं काही करता येत नाही.

संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतीत मात्र तसं जमेल, असं आपल्याला वाटतं. ती काय, नुसती अक्षरंच! बाजूला बसून लिहावी, तपासावी आणि पूर्ण झाली की मूळ आज्ञावलीत घालून टाकावी. पण मोठ्या मुक्त प्रकल्पांचा अनुभव वेगळाच आहे.

लिनक्सचं उदाहरण घेऊ. फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्‌स या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलेला हा संगणक-प्रणालीचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. (लष्करातल्या कर्नलशी याचा संबंध नाही, वर्गात हा प्रश्न हमखास येतो.) जगभरचे हजारो लोक त्यात भर घालत आले आहेत. ज्या प्रतीत सगळ्यांचं मान्य झालेलं काम एकत्र होतं, ती मुख्य शाखा. तिची नक्कल करून कोणीही आपली उपशाखा काढावी, तिच्यात काम करावं आणि ते मुख्य शाखेत घेण्याची विनंती करावी.

पूर्वी इथे सरळ दोन दालनं होती. सम आकड्याची आवृत्ती, म्हणजे २.२ किंवा २.४, वापरण्यासाठी, विषम आकड्याची, म्हणजे २.३ किंवा २.५, प्रयोगांसाठी. व्यवस्था दिसायला सुबक, पण २.४ आलं जानेवारी २००१ मध्ये आणि २.६ आलं डिसेंबर २००३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं लोकांनी थांबायचं कसं? लिनक्स तयार करून वाटणाऱ्या कंपन्यांनी २.५ मधल्या हव्या त्या गोष्टी काढून आपापल्या २.४ मध्ये कलम केल्या. प्रत्येकाचं २.४ निराळं झालं. शेवटी हा प्रकार सोडून देण्यात आला. एकच मुख्य शाखा ठेवायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यातून नवी आवृत्ती काढायची, असं ठरलं.

मग नवा प्रश्न उभा राहिला. आवृत्ती दोन-तीन महिन्यांनी निघणार आणि काम दोन वर्षांचं असेल, तर ते अर्धवट काम ठेवायचं कुठे? बाहेर उपशाखेत ठेवावं, तर दरम्यान मुख्य शाखा पुढे जाते. ज्या भिंतीला टेकून आपण बांधतो आहोत, तीच सरकलेली असते. शिवाय बाहेरचं काम कोणी वापरून पाहत नाही, त्यामुळे चुका शेवटी एकदम बाहेर पडतात. आत घ्यावं, तर चालू गोष्ट बिघडण्याची भीती.

ही भीती सर्वांत खरी असते ती फाइल सिस्टिमच्या बाबतीत. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ती ठेवते. तो चुकला, की लोकांची वर्षांची कागदपत्रं गेली. २००६ साली लिनक्समध्ये सर्रास वापरात होती ईएक्सटी-३. ती डिस्कवरच्या ठोकळ्यांना ३२ बिटांचे क्रमांक देई. ठोकळा ४०९६ बाइटचा धरला, तर २ चा ३२ वा घात गुणिले २ चा १२ वा घात, म्हणजे २ चा ४४ वा घात, अर्थात १६ टेराबाइट. आज्ञावलीत काही ठिकाणी हा क्रमांक धन-ऋण चिन्हासह ठेवलेला असल्यानं एक बिट चिन्हातच जाई आणि बराच काळ मर्यादा ८ टेराबाइटच होती. डिस्क मोठ्या होत होत्या. क्रमांक ४८ बिटांचा केला, तर मर्यादा २ चा ६० वा घात, म्हणजे एक एक्साबाइट होते. (हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.)

हे बदल ईएक्सटी-३ मध्येच करावेत, असा पहिला प्रस्ताव होता. टॉरवल्ड्‌स आणि इतर काहींनी हरकत घेतली: जिच्यावर लोक विसंबून आहेत, तिच्यात प्रयोग नकोत. तोडगा निघाला तो असा. ईएक्सटी-३ ची नक्कल करायची, बदल फक्त नकलेत करायचे, पण ती नक्कल मुख्य शाखेतच ठेवायची. नोव्हेंबर २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीत ती आली, ‘ईएक्सटी-४-डेव्ह’ या नावानं. ‘डेव्ह’ म्हणजे बांधकाम चालू. पुढे अशीही अट आली, की ‘ही डिस्क चाचणीसाठी आहे’ अशी खूण आपण स्वतः डिस्कवर केल्याशिवाय ती वापरताच येऊ नये. मला ही खूण फार आवडते. नुसती पाटी लावून लोक थांबत नाहीत. कडी स्वतःच्या हातानं काढावी लागली, की जरा विचार करतात.

पाटीचं काय होतं, तेही लिनक्सनं पाहिलं. अपुऱ्या भागांवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का असे. तो इतक्या गोष्टींवर बसला आणि इतकी वर्षं तसाच राहिला, की वाटप करणारे सगळेच प्रायोगिक भाग सुरू ठेवूनच प्रणाली देऊ लागले. २०१२-१३ मध्ये तो शिक्काच काढून टाकावा लागला.

डिसेंबर २००८ मध्ये, २.६.२८ या आवृत्तीत, ‘डेव्ह’ गळलं आणि ईएक्सटी-४ वापरायला योग्य ठरली. तरी एक गोष्ट राहून गेली होती. मी तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो आणि हौसेनं प्रयोगशाळेच्या संगणकावर ईएक्सटी-४ घातली होती. एकदा वीज गेली. परत आल्यावर उपकरणाच्या मांडणीची फाइल उघडली, तर ती शून्य बाइटची. मोजमापं तेवढी वाचली. असा अनुभव २००९ च्या सुरुवातीला अनेकांना आला. कारण असं: बरेच प्रोग्रॅम नवी फाइल वेगळ्या नावानं लिहून मग तिला जुन्या फाइलचं नाव देतात. ईएक्सटी-३ साधारण पाच-पाच सेकंदांनी नोंदवही पक्की करी आणि त्याआधी मजकूर डिस्कवर टाकी. ईएक्सटी-४ मजकुराला जागा देणंच वेगासाठी लांबणीवर टाकी. नाव बदलल्याची नोंद आधी होई, मजकूर नंतर. मध्येच वीज गेली, की नाव आहे पण आत काही नाही. नियमानुसार चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची होती. मजकूर पक्का करण्याची आज्ञा त्यांनी द्यायला हवी होती. पण लोकांचं नुकसान व्हायचं ते झालंच. २००९ च्या मध्यात आलेल्या २.६.३० मध्ये नाव बदलण्याआधी मजकूर लिहिण्याची सोय झाली. दोन वर्षं आत राहून, चाचण्या होऊनही हे निसटलं, कारण तोवर ती वापरणारे थोडे होते आणि वापरणारेही जपून वापरत.

२००८ च्या अखेरीस याच प्रश्नावर आणखी एक उपाय आला. अपुऱ्या कामांसाठी ‘स्टेजिंग’ नावाचा वेगळा कप्पा झाला. त्यात प्रत्येकाबरोबर राहिलेल्या कामाची यादी ठेवायची आणि तो भाग चालू केला, की कर्नल तशी नोंद करून ठेवणार. त्यातलं काम कोणी पुढे नेलं नाही, तर ते बाहेर. अँड्रॉइडचे भाग २००९ मध्ये या कप्प्यात आले, वाली न उरल्यानं २०१० मध्ये काढले गेले आणि २०१२ मध्ये पुन्हा आले.

नकलेच्या उपायाची किंमतही होती. एका आज्ञावलीच्या दोन प्रती, म्हणून एकीतली दुरुस्ती दुसरीतही करावी लागे. २०१५ मध्ये ४.३ या आवृत्तीतून ईएक्सटी-३ ची स्वतंत्र आज्ञावली काढून टाकण्यात आली. जुन्या डिस्क त्यानंतरही वाचता येतात; ते काम आता ईएक्सटी-४ करते.